1912 चा कार्लाइल संघ: एकटा थॉर्प, 97 यार्डांची धाव आणि पेनकडची हार

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. 1912 साली कार्लाइलच्या अमेरिकन फुटबॉल संघाने जे करून दाखवलं ते एकट्या जिम थॉर्पचं होतं का? आर्मीविरुद्ध, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाविरुद्ध, त्याने 92 यार्ड पळून टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेला, पंचांनी तो रद्द केला, आणि पुढच्याच वेळी पठ्ठ्याने 97 यार्ड पळून पुन्हा केला, ही गोष्ट खरी का? आणि एवढा भारी संघ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या (त्यालाच पेन म्हणतात) त्या वर्षीच्या ढेपाळलेल्या संघाकडून हरला कसा? बी.पी.एड.च्या प्रकल्पाला हवंय म्हणालात, म्हणून जरा बैजवार लिहितो.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सांगलीत वाढलो, शाळेपासून कबड्डी खेळलो, नोकरीसाठी इकडे पेनसिल्व्हेनियात आलो आणि गेली 19 वर्षं शुक्रवार संध्याकाळी हॅरिसबर्गच्या आसपासच्या शाळांच्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. कार्लाइल माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. पंचाची सवय अशी की कोण किती पळालं हे ऐकायच्या आधी तो विचारतो, नियम काय होता? 1912 चा हंगाम नियमपुस्तक बाजूला ठेवून वाचलात तर निम्मा हातातून निसटतो, आणि मग उरतो फक्त थॉर्प. सगळ्यांचं तेच होतं.

एक दुरुस्ती आधीच करून घ्या. कार्लाइल हे कॉलेज नव्हतंच. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये 1879 साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने अमेरिकेतल्या मूळ जमातींच्या मुलामुलींसाठी सरकारी निवासी शाळा काढली. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवण, शेती. पोर आलं की आधी केस कापायचे, नाव बदलायचं, आपल्या भाषेत बोलायला बंदी. माणसातला इंडियन मारायचा आणि माणूस वाचवायचा, असं प्रॅटने 1892 च्या भाषणात उघडच म्हटलं होतं. 39 वर्षांत सुमारे 7,800 मुलं तिथे दाखल झाली. संघ हार्वर्ड, पेन, सिरॅक्यूज अशांशी खेळायचा, म्हणून त्याची नोंद कॉलेजच्या रांगेत होते, इतकंच. खेळाडू काही कोवळी पोरं नव्हती. थॉर्प त्या हंगामात पंचविशीत होता. आणि हो, आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांतला ‘रेड इंडियन’ हा शब्द प्रकल्पात वापरू नका. शक्य तिथे जमातीचं नाव द्या: थॉर्प सॅक अँड फॉक्स, क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानात खेळी ठरवणारा, गस वेल्श आणि टॅकल, म्हणजे आघाडीच्या रेषेवरचा गडी, जो गायन हे दोघे ओजिब्वे.

आता नियमांकडे येतो. इथे थोडा वेळ काढा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ म्हणजे रेटारेटी होती. एकमेकांचे हात धरून, चेंडूवाल्याला मागून ढकलत, पुढून ओढत, माणसांचा एक गठ्ठा दुसऱ्या गठ्ठ्यावर आदळायचा. हेल्मेटची सक्ती नव्हती. ज्याला हवं तो कातडी टोपी घालायचा. 1905 च्या हंगामात वर्तमानपत्रांच्या मोजणीप्रमाणे 18 जण मेले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. 1906 पासून चेंडू हाताने पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली, पण अटी इतक्या की पास चुकला तर फेकणाऱ्याचंच कंबरडं मोडायचं. मग 1909 मध्ये हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात आर्मीचा युजीन बर्न जबर जखमी होऊन मेला आणि आर्मीने त्या वर्षीचे उरलेले सामनेच रद्द केले. 1910 मध्ये पुन्हा नियम बदलले: सात जण आघाडीच्या रेषेवर हवेतच, साथीदाराला ढकलायचं नाही, ओढायचं नाही, हातात हात गुंफून कडं करायचं नाही, आणि सामना 15 मिनिटांच्या चार भागांत. गठ्ठ्याचा खेळ तिथे संपला.

1912 च्या बदलांनी आजचा खेळ उभा राहिला. मैदान 110 यार्डांचं 100 झालं आणि दोन्ही टोकांना 10-10 यार्डांची एंड झोनची पट्टी आली. त्याआधी गोलरेषेपलीकडे फेकलेला पास फुकट जायचा. आता त्या पट्टीत झेलला तर टचडाउन. पास 20 यार्डांहून लांब टाकायचा नाही ही अट गेली. टचडाउनचे गुण 5 वरून 6 झाले. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, 10 यार्ड पुढे जायला तीनऐवजी चार प्रयत्न, म्हणजे चार डाउन, मिळू लागले.

हा चौथा डाउन तुम्हाला किरकोळ वाटेल. मलाही सुरुवातीला वाटला होता. पण तीन प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे म्हटल्यावर धोका पत्करायला वावच नसतो. पहिला प्रयत्न फसला की संघ पंट करायचे, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून समोरच्याच्या गळ्यात टाकायचे. कबड्डीत एखादी चढाई रिकामी गेली तरी पुढची आहे हे माहीत असतं, म्हणून चढाईपटू कोपरारक्षकाला थोडा खेळवतो, हूल देतो. पुढची चढाई मिळायचीच नाही म्हटल्यावर कोण हूल देत बसेल? चौथ्या डाउनने हूल द्यायला जागा दिली. एक प्रयत्न वाया घालवून बचावाला बाहेरच्या बाजूला ओढायचं आणि पुढच्याला उलटीकडून निसटायचं, हे परवडू लागलं.

आता तेव्हाच्या संघांकडे बघा. पूर्वेकडच्या बड्या कॉलेजांकडे धिप्पाड माणसांचा साठा होता. कार्लाइलकडे तो नव्हता. पोरं हलकी, पण पायात चपळाई आणि दमसास असा की सामना संपला तरी धावतील. वर्षानुवर्षं नियम वजनदाराच्या बाजूने होते. 1910 आणि 1912 मध्ये ते फिरले, आणि फिरले तेव्हा त्यांचा फायदा कसा घ्यायचा हे सगळ्यांत आधी ओळखणारा प्रशिक्षक कार्लाइलकडेच होता.

तो ग्लेन वॉर्नर, सगळे त्याला पॉप म्हणायचे. वॉर्नरला नियमपुस्तक वकिलासारखं वाचायची सवय होती: काय करा म्हटलंय ते सोडा, काय करू नका असं म्हणायचं राहून गेलंय? 1903 मध्ये हार्वर्डविरुद्ध त्याच्या पोरांनी घोळका करून चेंडू चार्ल्स डिलन या खेळाडूच्या जर्सीत पाठीमागून सरकवला आणि डिलन रिकाम्या हातांनी सरळ गोलरेषेपार पळत गेला. हार्वर्डवाले चेंडू शोधत बसले. तेव्हा हे नियमात बसत होतं, पंचांना टचडाउन द्यावाच लागला. सामना मात्र हार्वर्डनेच 12-11 जिंकला, हे सांगायला लोक विसरतात. 1907 मध्ये पास नवाकोरा असताना, आणि बाकीचे त्याला बायकी खेळ म्हणून नाकं मुरडत असताना, कार्लाइलने लांब पास टाकून पेनला 26-6 असं धुतलं. म्हणजे 1912 चे नियम आले तेव्हा हा संघ त्या खेळाची पाच वर्षं तालीम करून बसलेला होता.

वॉर्नरच्या रचनेचं नाव डबल विंग. साध्या शब्दांत: मागच्या फळीतले दोन गडी आत घोळक्यात न ठेवता दोन बाजूंना, आघाडीच्या टोकांजवळ नेऊन उभे करायचे. तिथून ते एकतर पास झेलायला सुटतील, नाहीतर मागे वळून चेंडू घेतील, नाहीतर नुसतं सोंग करतील. चेंडू मागे कोणाकडे जातो? थॉर्पकडे. आणि थॉर्प धावू शकतो, फेकू शकतो, लाथेने मारूही शकतो. बचाव करणाऱ्याने कोणाकडे बघायचं? रेषेवर उभं राहून मी शाळकरी पोरांना याच कोड्यात अडकताना दर शुक्रवारी पाहतो. ज्याची नजर चेंडूवरून क्षणभर हलली तो गेला.

हंगामाचा गुणतक्ता समोर ठेवू. 21 सप्टेंबरला ऑलब्राइटला 50-7, मग लेबनन व्हॅली 45-0, गावातलंच शेजारचं डिकिन्सन कॉलेज 34-0, 2 ऑक्टोबरला व्हिलानोव्हा 65-0. बारा दिवसांत चार सामने, 194 गुण, दिले फक्त 7. हे सराव सामनेच समजा. तीन दिवसांनी वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजने यांना 0-0 वर रोखलं. असं होतं. पुढे सिरॅक्यूज 33-0, पिट्सबर्ग 45-8, जॉर्जटाउन 34-20, लीहाय 34-14.

मध्ये एक गमतीचा सामना आहे. जॉर्जटाउनशी राजधानी वॉशिंग्टनमध्ये शनिवारी खेळून संघ आगगाडीने कॅनडात गेला आणि सोमवारी टोरोंटोच्या संघाला 49-1 हरवून आला. एक? एखादा तरुण पंच हा आकडा बघून म्हणेल छापायची चूक आहे, कारण अमेरिकी नियमांत टचडाउननंतरची किक सोडली तर एक गुण मिळायची सोयच नव्हती, आणि टचडाउन न करता ती किक कुठून येणार? पण कॅनडाच्या खेळात चेंडू मारून गोलरेषेपलीकडे अडकवला की सुटा एक गुण मिळतो, आजही मिळतो. म्हणजे त्या दिवशी निदान काही वेळ तरी खेळ यजमानांच्या नियमांनी चालला होता हे नुसत्या त्या एका आकड्यावरून कळतं. गुणतक्ता नीट वाचला की तो बोलतो, म्हणतो ते हेच.

सगळे मिळून 14 सामने, 12 जिंकले, 1 हरला, 1 बरोबरीत. गुण 504, दिले 114. सामन्याला सरासरी 36.

आता आर्मी. 9 नोव्हेंबर 1912, वेस्ट पॉइंट, लष्करी अधिकारी घडवणाऱ्या संस्थेचं घरचं मैदान. सामन्याआधी वॉर्नरने पोरांना सांगितलं म्हणतात की समोरच्यांच्या बापजाद्यांनी तुमच्या बापजाद्यांशी लढाया केल्या आहेत, एवढं लक्षात ठेवा. शब्द नेमके काय होते ते सोडून द्या; वुंडेड नीला लष्कराने मूळ जमातीच्या लोकांची केलेली कत्तल 1890 ची, म्हणजे अवघी 22 वर्षं जुनी होती. हे सांगायला वॉर्नरची गरज नव्हती, पोरांना घरूनच ठाऊक होतं.

आर्मीने आधी टचडाउन करून 6-0 आघाडी घेतली, किक हुकली. कार्लाइलने मध्यंतरापर्यंत 7-6 केलं. दुसऱ्या अर्धात आर्मीचा कर्णधार लेलँड डेव्होर, अवाढव्य गडी, जो गायनच्या अंगावर धावून गेला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. गायनला काही तो पेलत नव्हता अशातला भाग नाही. हाच गायन पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्यानंतर आर्मी उभी राहिलीच नाही. 27-6.

आर्मीकडून त्या दिवशी ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट खेळत होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या दोस्त फौजांचा सरसेनापती आणि मग अमेरिकेचा अध्यक्ष झाला तोच. थॉर्पला एकाने वरून आणि एकाने खालून धरून लोळवायचं असा त्याचा आणि एका साथीदाराचा बेत होता, पण थॉर्प ऐन वेळी थबकला आणि दोघे एकमेकांवर आपटले, अशी कथा आहे. आपल्याकडे एखाद्या चढाईपटूने ऐनवेळी पाय आखडता घेतला की दोन पकडवाले एकमेकांच्याच गळ्यात पडतात ना, तसंच. आयझेनहॉवरचा गुडघा मात्र त्या दिवशी गेला नाही. तो पुढच्या आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध दुखावला, आणि घोडदौडीच्या सरावात कायमचाच कामातून गेला. थॉर्पने त्याचं करिअर संपवलं असं कुठे लिहिलेलं दिसलं तर प्रकल्पात उतरवू नका.

आता तुमची 92 आणि 97 यार्डांची गोष्ट. ही मी किमान दहा माणसांच्या तोंडून ऐकली आहे, त्यातले दोघे पंच. पण हिशोब करू. कार्लाइलचे 27 गुण म्हणजे चार टचडाउनचे 24 आणि तीन किकांचे 3. चार टचडाउनपैकी तीन अॅलेक्स आर्कासाचे, एक जो बर्गीचा. थॉर्पचा एकही नाही. मग ते 97 यार्डांचं टचडाउन कुठे बसवायचं? जागाच नाही. खरं एवढंच की थॉर्पची एक लांब धाव गोलरेषेपर्यंत गेली होती आणि साथीदाराच्या चुकीमुळे ती रद्द झाली. बाकीचं नंतर कोणीतरी जोडलं, आणि जोडताना 92 मध्ये दंडाचे 5 मिळवून 97 केले. आकडा इतका चोख जुळतो तिथेच मला संशय येतो.

अशा गोष्टी का वाढतात हे मी जवळून पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सामन्यात एका पोराने 80 यार्डांची अप्रतिम धाव घेतली आणि ती मीच रद्द केली, कारण मागे त्याच्या साथीदाराने एकाची जर्सी धरून ठेवली होती. चूक दिसली की पंच टाकतो तो माझा पिवळा रुमाल पोर निम्म्यात पोचण्याआधीच जमिनीवर पडलेला होता, पण धावताना रुमालाकडे कोण बघतं? पोराची आजी तारेच्या कुंपणापाशी येऊन मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. परवा त्याच पोराचा मामा एका दुकानात भेटला. त्याच्या आठवणीत ती धाव 95 यार्डांची झाली आहे आणि पोराने लगेच पुढच्या प्रयत्नात दुसरी केली आहे. केली नव्हती. त्यांनी पुढच्याच डाउनला पंट केला होता, माझ्या वहीत आहे. रद्द झालेली धाव लोकांच्या मनात रद्द होत नाही.

पण म्हणून आर्मीविरुद्ध थॉर्प खेळलाच नाही असं समजू नका. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं त्याच्याच कौतुकाने भरली होती, आणि ते वाजवी होतं. आघाडीवर दोन-दोन, तीन-तीन जण थॉर्पला धरायला धावत होते तेव्हा आर्कासाला मोकळी वाट मिळत होती. गुणतक्त्यात शून्य टचडाउन असलेला माणूस सामन्यातला सर्वोत्तम असू शकतो. कबड्डीत ज्याला धरायला अर्धा संघ मधल्या रेषेकडे सरकतो तो चढाईपटू स्वतः रिकामा परतला तरी बचाव विस्कटून येतो.

हीच तुमच्या पहिल्या प्रश्नाची सुरुवात आहे, तर ते संपवूनच टाकू. त्या हंगामात थॉर्पचे 25 टचडाउन आणि 198 गुण हा सर्वांत प्रचलित आकडा. 504 पैकी 198 म्हणजे शंभरात एकोणचाळीस. फार मोठा वाटा आहे. जुलैमध्ये स्टॉकहोमला पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकून आलेला माणूस सप्टेंबरात हा खेळ खेळत होता, ही गोष्टच कोणाला खरी वाटू नये अशी आहे. फुटबॉलचे जाणकार वॉल्टर कॅम्प दरवर्षी देशभरातले सर्वोत्तम खेळाडू निवडायचे, त्यांच्या त्या अखिल अमेरिकी पहिल्या संघात तो 1911 आणि 1912, दोन्ही वर्षी होता. तरी उरतात 306 गुण, जे दुसऱ्यांनी केले. आणि थॉर्पच्या प्रत्येक धावेपुढे वाट करून देणारे गडी तर कुठल्याच गुणतक्त्यात येत नाहीत. हाक देणारा, म्हणजे पुढची खेळी ठरवणारा, गस वेल्श होता. त्या काळी बाकावरून प्रशिक्षकाने खेळी सांगणं नियमाबाहेर होतं, त्यामुळे वॉर्नरची कागदावरची रचना मैदानात चालवायची अक्कल वेल्शची. माझ्या लेखी त्या संघाचा पहिला माणूस थॉर्प असेल तर दुसरा वेल्श, आणि दोघांत अंतर लोकांना वाटतं तेवढं नाही.

पेनकडची हार आर्मीनंतर बरोबर सात दिवसांनी झाली, 16 नोव्हेंबरला, फिलाडेल्फियात, 34-26. पेनचा हंगाम रडतखडत चालला होता. शेवटी 7 विजय आणि 4 पराभवांवर संपला. ज्या ब्राउन विद्यापीठाने पेनला हरवलं त्याच ब्राउनला कार्लाइलने 28 नोव्हेंबरला 32-0 असं चिरडलं. मग हे कसं?

तारखा मोजा. 21 सप्टेंबर ते 16 नोव्हेंबर, 57 दिवसांत बारावा सामना. आजचा कॉलेज संघ तेवढ्या दिवसांत आठ, फार तर नऊ खेळतो, आणि त्याच्याकडे चढाई, बचाव आणि किक अशा तीन वेगवेगळ्या तुकड्या असतात. 1912 मध्ये तेच अकरा जण दोन्ही बाजूंना खेळायचे, आणि एकदा बाहेर गेलेला त्या भागात परत येऊ शकत नव्हता. वर बहुतेक मोठे सामने परगावी. का? कार्लाइलचं मैदान लहान, तिकिटांचा पैसा थोडा. पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टनमध्ये गर्दी व्हायची आणि यजमान ठरलेली रक्कम मोजायचे. म्हणून पोरं आगगाडीत झोपायची आणि स्टेशनवरून मैदानात जायची. आर्मीविरुद्ध जीव ओतला आणि पुढच्या शनिवारी अंगात काही उरलं नव्हतं. बचावात 34 गुण देणं हे थकलेल्या पायांचं लक्षण आहे. चुकीच्या रचनेने हरलेला संघ स्वतः 26 करत नसतो. आठवड्यानंतर स्प्रिंगफिल्डनेही त्यांना 24 गुण टोचले. तो सामना 30-24 असा जिंकला आणि कार्लाइलचे सगळे 30 गुण एकट्या थॉर्पचे होते. म्हणजे बघा, एकट्या थॉर्पने जिंकवलेला सामना हवाच असेल तर तो आर्मीचा नाही, हा आहे. त्याची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, कारण समोर भावी राष्ट्राध्यक्ष नव्हता.

त्या एका पराभवामुळे 1912 चा सर्वोत्तम संघ म्हणून बहुतेक जण एकही सामना न हरलेल्या हार्वर्डचं नाव घेतात. कार्लाइलने आदल्याच वर्षी, 1911 मध्ये, हार्वर्डला 18-15 हरवलं होतं, थॉर्पच्या चार फील्ड गोलांच्या, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारून केलेल्या गोलांच्या, जोरावर. 1912 च्या वेळापत्रकात हार्वर्ड नव्हतंच. दोघे भिडले असते तर काय झालं असतं यावर प्रकल्पात पान खर्च करू नका.

त्यापेक्षा पैसा कुठे गेला यावर करा. तिकिटांचं उत्पन्न शाळेच्या सरकारी हिशोबात जात नव्हतं. ते वेगळ्या क्रीडानिधीत जायचं आणि तो निधी वॉर्नर आणि अधीक्षक मॉझेस फ्रीडमन यांच्या हातात होता. जानेवारी 1913 मध्ये वूस्टरच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं की थॉर्प 1909-10 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. उन्हाळ्यात कॉलेजचे कितीतरी खेळाडू तेच करायचे, पण खोटं नाव लावून. थॉर्पने स्वतःचं नाव लावलं होतं. वॉर्नर आणि फ्रीडमन यांनी आम्हाला काहीच माहीत नव्हतं म्हणून हात झटकले. पोराच्या दोन वर्षांच्या गैरहजेरीत तो कुठे होता हे प्रशिक्षकाला माहीत नसावं, यावर माझा विश्वास नाही. पदकं गेली. 1982 मध्ये ऑलिंपिक समितीने थॉर्पचं नाव विजेत्यांत पुन्हा घातलं, पण दुसऱ्या क्रमांकांच्या बरोबरीने. एकमेव विजेता म्हणून नोंद व्हायला 2022 उजाडलं. थॉर्प 1953 मध्येच गेला होता.

या सगळ्यात गस वेल्श गप्प बसला नाही. त्याने शाळेच्या चौकशीची मागणी करणारा अर्ज फिरवला, 200 हून जास्त विद्यार्थ्यांनी सह्या केल्या, आणि फेब्रुवारी 1914 मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, समिती कार्लाइलला येऊन बसली. निकृष्ट जेवण, मारहाण, क्रीडानिधीचा खेळ, वॉर्नरची शिवीगाळ, सगळं साक्षींत आलं. क्वार्टरबॅकने आपल्याच प्रशिक्षकाविरुद्ध साक्ष दिली. फ्रीडमनला जावं लागलं. वॉर्नर त्या वर्षीचा हंगाम संपवून पिट्सबर्गला गेला आणि तिथे आणखी नाव कमावलं. शाळा 1918 मध्ये बंद झाली, जागा लष्कराने परत घेतली.

आता तिथे आर्मी वॉर कॉलेज आहे. दारावर ओळखपत्र तपासतात, पण आत सोडतात. जुनं मैदान आणि त्याची प्रेक्षक-बैठक अजून जागेवर आहे. मैदानावर फक्की मारलेल्या रेषा आता नाहीत, जवान सकाळी कवायतीला धावतात. एका बाजूला शाळेत वारलेल्या मुलांची दफनभूमी आहे, एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या रांगा. 2017 पासून लष्कर एकेका मुलाचे अवशेष त्याच्या जमातीकडे परत पाठवतंय, त्यामुळे मी दरवेळी जातो तेव्हा रांगांत आणखी काही जागा रिकाम्या दिसतात. प्रकल्पासाठी फोटो हवे असतील तर सांगा. मैदानाचे पाठवीन, दफनभूमीत मी कॅमेरा काढत नाही.